शब्दसंपत्ति आणि बोलका वर्ग

माणसाच्या हातीं जीं अनेक साधनें आहेत, त्यांत शब्द हें साधन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचें आहे. तें विकत घ्यावें लागत नाहीं, दुसऱ्यास दिल्यानें कमी होत नाहीं. आणि ज्याच्यापाशीं तें नाहीं, त्यास आपलें दुःख, आपली शंका किंवा आपला हक्क दुसऱ्यास नीट सांगतां येत नाहीं. दवाखान्यांत दुखणें सांगतांना, कचेरींत अर्ज लिहितांना, सभेंत चार माणसांपुढें उभें राहतांना शब्दांची उणीव किती जाचते, हें वडील माणसांस सांगावयास नको.

आमच्या देवपुरांतील व आसपासच्या खेड्यांतील मुलें हायस्कुलांत येतात, तेव्हां तीं रिकाम्या हातानें येत नाहींत. पाण्याचीं, पिकांचीं, जनावरांचीं, नात्यांचीं कितीतरी नांवें त्यांच्या ओठांवर असतात. तथापि वर्गांत उभें केलें कीं यांतील पुष्कळ मुलें गप्प होतात. त्यांस बुद्धि कमी असते, हें याचें कारण नव्हे. पुस्तकांतील शब्द त्यांस परके वाटतात, आणि घरचे शब्द वर्गांत चालतील असा भरंवसा त्यांस नसतो. या दोहोंमधील अंतर कसें कमी करावें, आणि शब्द शिकण्याचें काम वर्गांत सर्वांनीं मिळून कसें करावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो आम्ही केवळ शिक्षकांसाठीं लिहीत नाहीं. विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्या मातापित्यांनींही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण शब्द शाळेंत शिकले जातात तसेच ते घरींही शिकले जातात, आणि घराचा आरंभ शाळेच्या आधीं होतो.

शब्दार्थांची वही

शब्द शिकविण्याची जी रीत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे, ती सर्वांच्या परिचयाची आहे. धडा वाचावयाचा, फळ्यावर दोन रांगा करावयाच्या, डावीकडे कठिण शब्द व उजवीकडे त्याचा सोपा अर्थ लिहावयाचा, आणि मुलांनीं तो वहींत उतरून घेऊन परीक्षेपूर्वीं घोकावयाचा. या रीतीस आम्ही सर्वस्वीं नांवें ठेवीत नाहीं. पाठांतरानें जिभेस वळण लागतें, आणि शब्दाचें रूप एकदां तरी नजरेखालून जातें. परंतु एवढ्यावर जो थांबला, त्याच्या हातीं शब्दाचें टरफल येतें, गर येत नाहीं. 'वृद्धिंगत म्हणजे वाढलेला' एवढेंच ज्यानें घोकलें, तो मुलगा निबंधांत 'माझे केस वृद्धिंगत झाले' असें लिहिणारच. 'विपुल म्हणजे पुष्कळ' एवढेंच ज्या मुलीस सांगितलें, ती 'मला विपुल ताप आला' असें लिहील. त्यांस हसण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं पाठ चोख केला होता. आपण त्यांस शब्दाचा अर्थ दिला, पण शब्दाची संगत दिली नाहीं.

शब्द येणें म्हणजे काय, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. शब्द येण्यास पांच गोष्टी लागतात. तो ऐकतांच ओळखतां आला पाहिजे. शुद्ध उच्चारतां व लिहितां आला पाहिजे. त्याचा अर्थ कळला पाहिजे. तो कोणत्या शब्दांच्या शेजारीं बसतो हें ठाऊक पाहिजे. आणि कोणत्या प्रसंगीं, कोणापुढें तो वापरावा याचें तारतम्य पाहिजे. कीर्ति वृद्धिंगत होते, स्नेह वृद्धिंगत होतो; केस आपले नुसते वाढतात. धान्य विपुल असतें, ताप फार असतो. पहिल्या तीन गोष्टी वही देऊं शकते. शेवटच्या दोन गोष्टी मात्र बोलल्यावांचून, ऐकल्यावांचून आणि चुकून सुधारल्यावांचून येत नाहींत. म्हणूनच शब्दांचा वर्ग हा बोलका वर्ग असावा लागतो.

पूर्वसूरींचा अनुभव

हा विचार नवा नाहीं. मोराव्हियांतील धर्मोपदेशक व शिक्षक कोमेनियस यानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक छापविलें. त्यांत प्रत्येक पाठास एक चित्र होतें. चित्रांतील वस्तूंवर आंकडे घातले होते, आणि त्याच आंकड्यांस अनुसरून खालीं लॅटिन व जर्मन भाषेंत त्या वस्तूंचीं नांवें व वाक्यें दिलीं होतीं. वस्तु आधीं आणि नांव तिच्याबरोबर, हें त्याचें सूत्र होतें.

इटलींतील मारिया माँटेसरी १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या, आणि महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम येथें कित्येक वर्षें लांबला. लहान मुलांस नवीन नांव शिकविण्याची त्यांची तीन पायऱ्यांची रीत प्रसिद्ध आहे. सेगँ नांवाच्या फ्रेंच वैद्याच्या रीतीवरून त्यांनीं ती घेतली होती. पहिल्या पायरीवर शिक्षक वस्तु दाखवून म्हणतो, 'हें खरखरीत, हें गुळगुळीत.' दुसऱ्या पायरीवर तो म्हणतो, 'मला खरखरीत दाखव.' तिसऱ्या पायरीवर वस्तु हातीं देऊन विचारतो, 'हें कसें आहे?' मूल प्रथम ऐकतें, मग ओळखतें, आणि शेवटीं स्वतः बोलतें. आपल्या वर्गांत पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी घेतली जाते, आणि मधली पायरी गळाल्यामुळें मुलें अडखळतात. ही रीत बालवर्गाची खरी. पण दहावीच्या मुलासही तिचा तितकाच उपयोग आहे.

महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र उघडलें, आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें चाललें. तेथें महागड्या साहित्याची वाट न पाहतां पानें, बिया, शिंपले, खडे हींच शिक्षणाचीं साधनें झालीं. आणि जीं मुलें गुरें राखावयास जात, त्यांच्यासाठीं शाळाच कुरणांत गेली. मुलास ठाऊक असलेल्या वस्तूपासून आरंभ करावा आणि तिच्या आधारानें नवीन शब्दाकडे न्यावें, हा धडा त्यांच्या कामानें घालून दिला.

आणि दूर कशास जावें? आपल्या खानदेशांतच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. तेथील छात्रालयाचें काम पाहत असतां ते मुलांसाठीं रोज हातानें दैनिक लिहून काढीत. भाषेच्या तासाबाहेर, मुलांच्या रोजच्या जीवनाशीं जडलेलें असें ताजें वाचन त्यांस मिळे. जो शब्द आपल्या कालच्या गोष्टीविषयीं लिहितांना कोणी वापरला, तो विसरणें कठिण असतें.

वर्गांतील चार रीती

आतां प्रत्यक्ष वर्गांत काय करतां येईल, तें सांगतों. या रीतींस पैसा लागत नाहीं; फळा, खडू आणि थोडा धीर एवढें पुरतें.

पहिली रीत अंदाजाची. नवीन शब्दाचा अर्थ शिक्षकानें आधीं सांगूं नये. तो ज्या वाक्यांत आला तें वाक्य पुढें ठेवावें. समजा, फळ्यावर असें लिहिलें: 'दोन वर्षें पाऊस पडला नाहीं, विहिरी आटल्या, कडबा संपला, आणि त्या दुर्भिक्षांत लोकांनीं गुरें बाजारांत नेलीं.' दुर्भिक्ष म्हणजे काय? कोणी म्हणेल, दुष्काळ; कोणी म्हणेल, रोगराई; कोणी म्हणेल, उन्हाळा. शिक्षकानें लगेच निकाल न देतां विचारावें, 'वाक्यांतील कोणत्या शब्दांवरून तूं हें म्हणतोस?' मग मुलें वाक्य पुन्हा वाचतात, पुरावा शोधतात, आणि रोगराई म्हणणारा स्वतःच माघार घेतो. त्यानंतर शब्द फोडून दाखवावा: दुर् आणि भिक्षा, म्हणजे जेथें भीक मिळणेंही कठिण तें दुर्भिक्ष. उलट जेथें अन्न सहज मिळतें तें सुभिक्ष. एका शब्दाबरोबर दुसरा आपोआप हातीं आला.

दुसरी रीत कृतीची. क्रियापदें आणि भाववाचक शब्द अंगानें करून दाखविल्यास लवकर ठसतात. नुसत्या चालण्याचे मराठींत किती प्रकार! कोणी झपझप चालतो, कोणी रखडतो, कोणी लंगडतो, कोणी ठुमकतो, कोणी डुलत येतो, कोणी पाय ओढीत येतो. एका मुलानें चालून दाखवावें, बाकीच्यांनीं शब्द ओळखावा. मग उलट करावें. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनीं विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत परकी भाषा शिकविण्याची अशीच एक पद्धति मांडली. तींत विद्यार्थी प्रथम आज्ञा ऐकून त्याप्रमाणें कृति करतो, आणि बोलण्याची घाई त्यावर केली जात नाहीं. इंग्रजीच्या आरंभीच्या वर्गांस ही रीत विशेष मानवते, कारण भित्र्या मुलासही तींत भाग घेतां येतो.

तिसरी रीत जोडीची. शिक्षकानें प्रश्न विचारला कीं नेहमींचे पांच-सहा हात वर होतात, आणि बाकीचा वर्ग निश्चिंत होतो. त्याऐवजीं प्रथम सर्वांनीं एक मिनिट मनाशीं विचार करावा. मग शेजाऱ्यास दोन मिनिटें सांगावें. आणि त्यानंतर शिक्षक सांगेल त्यानें उठून, आपलें नव्हे, तर आपल्या शेजाऱ्याचें उत्तर वर्गास सांगावें. यांत दोन लाभ आहेत. साठ मुलांच्या वर्गांत तीस जण एकाच वेळीं नवीन शब्द तोंडानें उच्चारतात. आणि दुसऱ्याचें उत्तर सांगावयाचें असल्यानें ऐकण्याकडे लक्ष राहतें. जी मुलगी सबंध वर्गापुढें उभी राहण्यास लाजते, ती शेजारणीशीं मोकळेपणें बोलते, आणि हळूहळू तिचा आवाज वर्गांतही ऐकूं येऊं लागतो.

चौथी रीत कुळाची. शब्दांस माणसांप्रमाणें घराणीं असतात. संस्कृतांतील हृ या धातूस निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार हे शब्द झाले. फळ्याच्या मध्यभागीं 'हार' लिहून भोंवतीं हे शब्द मांडावे आणि प्रत्येक रांगेनें एकेक शब्द वाक्यांत बसवावा. येथें एक गंमत मुलांस करावयास द्यावी. उपहार म्हणजे भेट, नजराणा. आणि उप अधिक आहार मिळून झालेला उपाहार म्हणजे फराळ. मग जेथें चहा-फराळ मिळतो त्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलेलें असावें? शाळेंतून घरीं जातांना रस्त्यावरील पाट्या वाचून याचें उत्तर आणावें. आमची खात्री आहे कीं 'ह्या पाटीवर काना राहिला' असें एकदां शोधून काढणारा मुलगा तो शब्द जन्मांत चुकणार नाहीं.

फड: एक नमुन्याचा पाठ

आपल्या मातींतला एक शब्द घेऊन सबंध पाठ कसा उभा करतां येतो, तें आतां पाहूं. देवपूर व धुळें यांच्या मधून वाहणारी पांझरा ही साक्री तालुक्याकडून येते. तिच्यावर आणि खानदेशांतील इतर नद्यांवर कित्येक शतकांपूर्वीं लोकांनीं लहान लहान बंधारे घातले, आणि पाट काढून पाणी शेतांत नेलें. या बागाइतीच्या पद्धतीस फड म्हणतात. बंधाऱ्याखालील जमिनीचे मोठे भाग पाडीत, त्या प्रत्येक भागास फड हें नांव. एका फडांत त्या वर्षीं सर्वांनीं मिळून एकच पीक घ्यावयाचें, आणि पुढील वर्षीं पिकांची पाळी बदलावयाची. ज्यानें त्यानें आपल्या मर्जीनें पाट फोडावयाचा नाहीं. गांवानें नेमलेला पाटकरी ठरल्या क्रमानें पाणी देई, आणि पिकाच्या राखणीस जागल्या असे. आतां ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं मोडली आहे. कांहीं गांवीं मात्र ती अद्याप तग धरून आहे.

पहिल्या दिवशीं शिक्षकानें फळ्यावर फक्त 'फड' एवढा शब्द लिहावा आणि म्हणावें, 'हा शब्द घरीं कोण कोण, कोणत्या अर्थानें वापरतो, तें विचारून या.' दुसऱ्या दिवशीं जें गोळा होईल तें पाहण्यासारखें असतें. शेतकऱ्याच्या मुलाकडून बागाइतीचा फड येईल आणि उसाचा फड येईल. कोणाचे आजोबा पंढरीची वारी करीत असतील, तर वारकऱ्यांचा फड येईल. कोणी तमाशाचा फड सांगेल, कोणी कुस्त्यांचा फड सांगेल, आणि कोणी गप्पांचा फड रंगल्याचें सांगेल. हे सर्व अर्थ फळ्यावर मांडून झाले कीं विचारावें, 'या सर्वांत समान असें काय आहे?' थोड्या वादानंतर मुलें स्वतःच म्हणतात कीं, पुष्कळ माणसें किंवा पुष्कळ पीक जेथें एकत्र असतें, तेथें हा शब्द येतो.

तिसऱ्या दिवशीं सावधगिरीचा पाठ द्यावा. जुन्या राज्यकारभारांत कचेरीसही फड म्हणत. परंतु फडणीस हें नांव फारसींतील फर्दनवीस, म्हणजे याद्या लिहिणारा, या शब्दावरून आलें असें पंडित सांगतात. अर्थात् आरंभींचीं दोन अक्षरें सारखीं दिसलीं म्हणून शब्द एका घराण्यांतले ठरत नाहींत. फडकें आणि फडताळ यांस केवळ ऐकण्यावरून फडाचे नातलग मानूं नये, कोश पाहावा. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींनीं संपादिलेला महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात भागांत निघाला. त्याच्याही आधीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. असा एखादा कोश वर्गांत आणून एका मुलास शब्द काढावयास सांगावें. कोशांत शब्द कसा शोधावा हें ज्यास आलें, त्यास शिक्षक नसतांही शिकतां येतें.

या पाठांत नवीन शब्द थोडे दिसतील. परंतु बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या, पाळी, बागाइत हे शब्द बरोबर आले. एका शब्दाचे अनेक अर्थ कसे होतात तें कळलें. आणि आजोबांपाशीं विचारण्यासारखें कांहीं आहे, हेंही कळलें. जेथें फड मोडले तेथें त्यांचे शब्दही एका पिढीच्या आंत ओठांवरून जातील. मुलांनीं ते वहींत उतरून ठेविले, तर तेवढा ठेवा तरी राहील.

विसरणें आणि आठवणें

शिकलेला शब्द विसरला जातो, ही सर्वांची तक्रार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यानें निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपलें विसरणें मोजलें, आणि तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. विसरणें आरंभीं फार वेगानें होतें आणि पुढें मंदावतें, असें त्यास आढळलें. म्हणून पहिली उजळणी महिन्यानें करण्यापेक्षां दुसऱ्याच दिवशीं करणें शहाणपणाचें. पण उजळणी म्हणजे पुन्हा वाचणें नव्हे. अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी यांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं उतारा पुन्हा वाचला, कांहींनीं पुस्तक मिटून आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां पुन्हा वाचणारे पुढें होते. आठवड्यानें घेतली, तेव्हां आठवून लिहिणारे पुढें निघाले.

यावरून वर्गांत एक साधी पेटी ठेवावी. दर आठवड्यास आठ-दहा शब्द, चिठ्ठीच्या एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस त्याचें वाक्य लिहून, पेटींत टाकावे. रोज तासाच्या आरंभीं पांच चिठ्ठ्या काढाव्या, शब्द वाचून मुलांनीं वाक्य आठवावें, मग चिठ्ठी उलटून पाहावी. जो शब्द लागोपाठ तीन वेळां बरोबर आला, तो दुसऱ्या पेटींत घालावा व महिन्यानें पुन्हा काढावा. विद्यार्थ्यांनो, ही पेटी तुम्हांस घरींही करतां येईल. तिला जुनें खोकें पुरे. इंग्रजीच्या बाबतींत तर ती फार उपयोगी आहे. बंगाल्यांत ढाक्यास काम केलेले मायकेल वेस्ट यांनीं १९५३ सालीं सुमारें दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही अभ्यासक आधारास घेतात. सामान्य वाचनाचा मोठा भाग अशा थोड्या शब्दांवर चालतो. तेव्हां दुर्मिळ शब्दांच्या मागें लागण्याआधीं रोजच्या शब्दांवर हुकमत मिळवावी.

घरची बोली

आतां सर्वांत नाजूक गोष्टीकडे वळतों. आमच्याकडील अनेक घरीं अहिराणी बोलतात. कित्येक मुलें भिलांच्या, पावरांच्या, गुजरांच्या बोली किंवा उर्दू बोलत शाळेंत येतात. अहिराणी बोलणारें मूल 'मला-तुला' न म्हणतां 'माले-तुले' म्हणतें, 'माझा-तुझा' न म्हणतां 'मना-तुना' म्हणतें, सर्वांस 'बठ्ठा' आणि मुलास 'आंडोर' म्हणतें. असा शब्द वर्गांत तोंडून निघाला कीं हशा पिकतो. त्या हशानें मूल शुद्ध भाषा शिकत नाहीं. तें गप्प राहावयास शिकतें. एकदां गप्प राहण्याची संवय जडली कीं वर सांगितलेली एकही रीत चालत नाहीं, कारण सर्व रीतींचा पाया बोलणें हाच आहे.

अहिराणी ही कांहीं बिघडलेली मराठी नव्हे. ग्रियर्सन यांनीं हिंदुस्थानांतील भाषांची जी पाहणी केली, तिच्या १९०७ सालीं निघालेल्या एका भागांत भिल्ल बोलींबरोबर खानदेशीचीही सविस्तर चर्चा केली आहे. तिचा 'ना-नी' हा षष्ठीचा प्रत्यय गुजरातीच्या शेजारचा आहे. तिला स्वतःचें व्याकरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह १९२६ सालीं धुळ्यासच पडला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आपल्या नगराचें भूषण आहे. दफ्तरें शोधणाऱ्या या पंडितानें मराठी धातु आणि शब्द यांचा केवढा संग्रह केला, हें त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालेल्या धातुकोशावरून व व्युत्पत्तिकोशावरून दिसतें. आणि जळगांवजवळील आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांनीं शेतांत व जात्यावर आपल्या घरच्या बोलींत रचलेलीं गाणीं त्यांचे चिरंजीव कवि सोपानदेव यांच्या प्रयत्नानें १९५२ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनानंतरच्या वर्षीं, पुस्तकरूपानें निघालीं, आणि साऱ्या महाराष्ट्रानें तीं डोक्यावर घेतलीं. शब्दसंपत्ति शाळेंतच मिळते असें ज्यास वाटतें, त्यानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

तेव्हां वर्गांत तीन रकान्यांचा तक्ता करावा: घरचा शब्द, ग्रंथांतील मराठी शब्द, इंग्रजी शब्द. वावर, शेत आणि त्यास इंग्रजी प्रतिशब्द, असे तिन्ही एका ओळींत मांडावे. घरचा शब्द पुसावयाचा नाहीं. त्याच्या शेजारीं दुसरा बसवावयाचा. परीक्षेंत व अर्जांत प्रमाण मराठी लिहावी लागते, आणि ती प्रत्येक मुलास उत्तम आलीच पाहिजे. याविषयीं आम्ही कोणतीही सवलत मागत नाहीं. परंतु ती शिकवितांना आईची भाषा हिणविली पाहिजे, असें मात्र मुळींच नाहीं.

अडचणींचा विचार

या रीतींवर आक्षेप येतील, ते खरेही आहेत. बोलका वर्ग गोंगाट करतो. शेजारच्या वर्गास त्रास होतो. अंदाज करण्यांत वेळ जातो, आणि अभ्यासक्रम तर वर्षाच्या आंत संपला पाहिजे. यास आमचें उत्तर असें कीं, प्रत्येक शब्दास हा सोहळा करूं नये. एका धड्यांत पंधरा कठिण शब्द असतील, तर त्यांतील चार-पांच पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द निवडून त्यांच्यावर वेळ खर्चावा, आणि बाकीचे एका वाक्यानें सांगून पुढें जावें. अंदाज जेथें बसणार नाहीं, असे पारिभाषिक शब्द सरळ सांगावे. चुकीचा अंदाज सुधारल्यावांचून तास संपवूं नये, नाहींतर चूकच लक्षांत राहते. आणि बोलण्याची पाळी नेमाची असावी. मोठ्या आवाजाच्या मुलांनीं तास खाऊन टाकला, तर तो वर्ग बोलका नव्हे, गलबल्याचा होय.

पालकांस दोन शब्द

मातापित्यांनीं असें समजूं नये कीं आपण फार शिकलेले नाहीं, तेव्हां आपला येथें उपयोग नाहीं. मूल घरीं आल्यावर 'आज किती गुण मिळाले?' याबरोबर 'आज कोणता नवा शब्द मिळाला? तो मला समजावून दे,' असें विचारावें. जो दुसऱ्यास समजावतो, त्याचाच पाठ पक्का होतो. आणि त्यासाठीं ऐकणाऱ्यास लिहितां-वाचतां आलें पाहिजे असें नाहीं. आपण आपल्या धंद्यांतील हत्यारांचीं, पिकांचीं, कापडाचीं, स्वयंपाकाचीं नांवें मुलांस सांगावीं. म्हणी सांगाव्या, कोडीं घालावीं. मूल चुकीचा शब्द बोललें तर हसूं नये. बरोबर शब्द घालून तेंच वाक्य आपण सहज म्हणावें, म्हणजे न दुखावतां दुरुस्ती होते. मुलगा आणि मुलगी यांत भेद करूं नये; घरीं जिला 'तूं गप्प बस' असें वारंवार ऐकावें लागतें, ती वर्गांत एकाएकीं कोठून बोलणार?

सुटींतील अभ्यास

विद्यार्थ्यांनो, पुढील सुटींत प्रत्येकानें एवढें करावें. आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध माणसापाशीं बसून शेती, स्वयंपाक किंवा घरचा धंदा यांतले वीस शब्द लिहून आणावे, आणि प्रत्येकाचें एक वाक्य त्यांच्याच बोलींत उतरावें. 'पाट' या शब्दाचे निदान तीन अर्थ शोधावे, आणि 'पाठ' व 'पाट' यांतील भेद वाक्यांनीं दाखवावा. 'कार' हा शब्द मध्यभागीं मांडून आकार, विकार, प्रकार, संस्कार, उपकार, अपकार यांचें कुळ लावावें. आणि पूर्वीं घोकलेला, पण आजवर कधींही न वापरलेला असा एक शब्द निवडून, तो घरच्या कोणाशीं तरी बोलतांना योग्य ठिकाणीं एकदां वापरावा. शाळा उघडल्यावर पहिल्या तासास आम्ही तुमच्या वह्या पाहणार नाहीं. प्रथम तुमच्या तोंडून ऐकूं.